पोथी आणि मध्ये बसलेला माणूस

तुकोबांचा एक अभंग आहे, 'सद्गुरुवांचोनि सांपडेना सोय । धरावे ते पाय आधीं आधीं ।' आणि तुकोबांचाच दुसरा, 'वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वहावा भार माथां ।' पहिला म्हणतो, आधी गुरूचे पाय धर. दुसऱ्यात वेदांची मक्तेदारी सांगणाऱ्यांना सरळ हमाल करून टाकलंय. धर्मग्रंथ आपला आपण वाचावा की कुणाच्या हाताखाली, या भांडणात दोन्ही बाजूंना एकाच देहूकराची साक्ष काढता येते, आणि लोक ती काढतातच. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकादशीला पहिला अभंग येतो. एखाद्या बुवाची भानगड पेपरात आली की दुसरा.

बरं, तुकोबांचा स्वतःचा गुरू कोण? बाबाजी चैतन्य. ते स्वप्नात आले, डोक्यावर हात ठेवला, 'रामकृष्णहरि' मंत्र दिला. जेवायला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचं स्वप्नात राहूनच गेलं. तुकोबांनी हे सगळं माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार अशी नोंद करून एका अभंगात सांगितलंय. मला हा अभंग फार आवडतो. एवढी कमी ढवळाढवळ करणारा गुरू मिळणार असेल तर गुरू कशाला हवा म्हणून कुणी वाद घालायला उभंच राहणार नाही. वाद आहे तो रोज समोर बसणाऱ्या, आपल्या घरातले निर्णय विचारणाऱ्या, आणि आपण विचारलेलं मात्र न आवडणाऱ्या माणसाचा.

आम्ही काही जण ठाण्याच्या नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचतो. जागा एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेची. त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात. इमारत पुनर्विकासाला जाणार, जाणार असं किती वर्षं चाललंय कोण जाणे, तोवर त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका येतात. खारेगावचा एक तरुण येतो, ज्याचं लहानपण गावच्या सप्ताहात काकड्यापासून जागरापर्यंत गेलंय, शेकडो ओव्या तोंडपाठ आणि वयानं कुणी कितीही लहान-मोठा असो, सगळ्यांना 'माउली'. कळव्याहून रिक्षा करून माझी आत्या येते. आणि मी, वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुटल्यावर.

पहिली दहा-पंधरा मिनिटं 'कितवी ओवी?' यातच जातात. कुणाकडे साखरे महाराजांच्या परंपरेतली प्रत, कुणाकडे सोनोपंत दांडेकरांची सार्थ, कुणाकडे सरकारनं छापलेली, काकांच्या हातात मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली इतिहासकार वि. का. राजवाड्यांची. ओव्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कधी ओवीच जुळत नाही. एकाच्या पोथीत आहे, दुसऱ्याच्या नाही.

'मला मध्ये कुणी नको, मी थेट मूळ वाचणार' असं म्हणणाऱ्या माणसाला मी आमच्या या सतरंजीवर आणून बसवेन. मूळ म्हणजे कुठलं? ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९०. सांगितली ज्ञानदेवांनी, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पहिल्याच दिवशी मध्ये एक माणूस आहे. पुढे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी इतकी भर घातली की संत एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसून ती शुद्ध करावी लागली. वर त्यांनी दम दिला: ज्ञानेश्वरीत कुणी आपली ओवी घालेल तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नारळाची करवंटी! राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापली ती प्रत नाथांच्याही आधीची असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपण डोळे मिटून 'माउली असं म्हणतात' म्हणतो, तेव्हा नाथांनी काय ठेवलं आणि काय काढलं यावर आपण आधीच विश्वास टाकलेला असतो. हा विश्वास मला अजिबात खटकत नाही. तो टाकलाय हे विसरणं खटकतं.

भाषेचंही तसंच. तेराव्या शतकातली मराठी ओळखीची वाटते हाच तिचा धोका. 'कां' आला की आपण प्रश्न समजतो, तिथं बऱ्याचदा 'किंवा' नाहीतर 'जसं' असतं. बाई नसत्या तर आम्ही कित्येक दृष्टान्तांना प्रश्न समजून त्यांची उत्तरं शोधत बसलो असतो. इथं वाटाड्या लागतोच, आणि त्यात कमीपणा कसला? खुद्द ज्ञानदेव अठराव्या अध्यायाच्या शेवटी सांगतात, 'व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु ।' ज्यांनी संस्कृतातली गीता उचलून मराठीत आणली, ज्यांनी सहाव्या अध्यायात मूळ श्लोकांत शोधून सापडणार नाही एवढा कुंडलिनीचा विस्तार केला, ते म्हणतात मी वाट विचारत विचारत आलो. वाट विचारली भाष्यकारांना. चालले मात्र स्वतःच्या पायांनी.

एका शनिवारी पसायदानावरून जुंपली. खारेगावचा तरुण म्हणाला, "माउलींनी काही शिल्लकच ठेवलं नाही हो. जो जें वांछील तो तें लाहो. ज्याला जे पाहिजे ते."

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "चोराला पण?"

"आता चोराचं काय मध्येच, माउली!"

"मध्येच कसं? 'प्राणिजात' आहे ना पुढं? चोर प्राणी नाही होय?"

सगळे हसले. आत्या म्हणाली, माझ्या शेजारणीला माझी गॅलरी हवी आहे, तिलाही द्यायची का? तो मुलगा जरा वरमला. मग त्यानं डोळे मिटले आणि पसायदान पहिल्यापासून म्हणायला घेतलं, हळू, चालीत. 'जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मीं रति वाढो' झालं. 'मैत्र जीवाचें' झालं. 'दुरितांचें तिमिर जावो, विश्व स्वधर्मसूर्यें पाहो' म्हटलं आणि थांबला. "आधी वाकडेपणा जातोय," तो म्हणाला. "मग अंधार जातोय. आणि मग मागायचंय. तोवर चोराला चोरी नको झालेली असणार." बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त पोथीत पेन्सिलीनं बारीक खूण केली. हे पसायदान त्यानं लहानपणापासून किती वेळा म्हटलं असेल त्याची गणतीच नाही, शाळेत, सप्ताहात, लग्नात, तेराव्याला. अर्थ कुठल्या महाराजांनी सांगितला नाही, की एकट्यानं म्हणताना सुचला नाही. रेल्वेच्या काकांनी आगाऊपणा केला म्हणून सुचला.

मला यात सगळं दिसतं. पोथी वाचताना समोर असा कुणीतरी हवा जो म्हणेल, 'थांब, इथं तसं लिहिलेलं नाही.' आणि तो असा हवा की उद्या त्यालाही आपल्याला तेच म्हणता येईल. पहिली अट बहुतेक गुरू पाळतात. दुसरीला फार थोडे टिकतात. ठाण्यातल्या एका मोठ्या मैदानावर मी एका नाव असलेल्या महाराजांच्या प्रवचनाला गेले होते. मंडप सुंदर, वाणी रसाळ, दृष्टान्त एकापेक्षा एक. शंका असतील तर चिठ्ठीवर लिहून पेटीत टाका म्हणाले. शेवटच्या दिवशी पेटीतल्या ज्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या त्यांत 'महाराज, आपण एवढे शांत कसे राहता?' ही सर्वांत अवघड होती. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायचे तीन मार्ग एका दमात सांगितलेत, 'प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया', नमस्कारानं, प्रश्न विचारून आणि सेवेनं. नमस्कार आणि सेवा मांडवात भरपूर होती. मधलं पेटीत राहिलं.

पण मला घाई नको करायला. एकट्यानं वाचणाराही काही कमी नसतो. फोनवर ओवी टाकली की आता क्षणात अर्थ येतो, आणि तोही ठाम. आमच्या ऑफिसात मीटिंगच्या खोलीत 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' अशी सोनेरी अक्षरांची पाटी लावली आहे. पगारवाढीच्या महिन्यात साहेब तिच्याकडे बोट दाखवतात. श्लोक चार चरणांचा आहे, पाटीवर दोनच मावले. चौथा चरण 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', काही न करण्याची आसक्ती धरू नकोस, तो साहेबांच्या केबिनमध्ये लावायला चालला असता. साहेबांना गीता कुणी शिकवली नव्हती, त्यांनी स्वतःच वाचली होती, जेवढी पाटीवर आहे तेवढी. फळाची आशा सोडा ही गोष्ट फळं वाटणाऱ्यानं सांगू नये, इतकं साधं भानही त्या वाचनातून आलं नाही. (ही पाटी अजून आहे. धूळ मात्र नियमित पुसतात.)

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं वाचन बघा. १९२० च्या जानेवारीत 'यंग इंडिया'त टिळक आणि गांधींची एक छोटी चकमक झाली. टिळकांनी लिहिलं की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही. क्रोधाला अक्रोधानं जिंकावं या बुद्धवचनापेक्षा मी श्रीकृष्णाच्या 'ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्' या वचनावर भिस्त ठेवतो. म्हणजे जशास तसं. गांधींचं उत्तर असं की या दोन वचनांत विरोधच नाही. द्वेषाला प्रेमानं आणि असत्याला सत्यानं जिंकायचं ते तत्त्व आचरणात कसं आणावं हेच गीतेचा हा श्लोक दाखवतो. एकच चरण, आणि दोन माणसं त्यातून दोन दिशांना चालती होतात. यातला एक मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहून काढलेला, दुसरा गीता हीच आपली आई मानणारा. दोघांनाही कुणी 'अर्थ कळला नाही' म्हणण्याच्या फंदात पडू नये.

टिळकांची पद्धत मला इथं महत्त्वाची वाटते. १९१५ मध्ये छापलेल्या गीतारहस्याच्या प्रस्तावनेत ते सांगतात की त्यांनी आधी भाष्यं आणि टीका वाचल्या, समाधान झालं नाही, मग सगळ्या बाजूला ठेवून नुसती गीता पुन्हा पुन्हा वाचली, तेव्हा त्यांना ती कर्मयोग सांगणारी दिसली. गीतेचे जुने भाष्यकार शंकराचार्य, त्यांना 'नाही' म्हणायचं तर आधी शंकराचार्य वाचावे लागतात. आपल्याकडे 'माझा मी अर्थ लावणार' म्हणणारे बरेच जण हा पहिला भाग गाळतात. आणि गुरूकडे जाणारे दुसरा.

ठाण्यात हा विषय काढला की मला टेंभी नाक्यावरचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आठवतं, सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर. १८७९ सालचं. बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं. नाव 'शार हशामाईम', स्वर्गाचं दार. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं कुटुंब तिथं जायचं. आता तिकडचे बरेचसे लोक इस्रायलला गेले. तिचे वडील घरात आमच्यासारखीच मराठी बोलायचे आणि वादात कुणाला ऐकायचे नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं ही मंडळी तेलाचे घाणे चालवत राहिली, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. ग्रंथ गेले होते, हिब्रू गेली होती. राहिला होता शनिवार, सुंता, आणि 'शेमा'ची प्रार्थना. परंपरा सांगते की दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला तेव्हा त्याला शंका, हे खरंच आपले का? त्यानं बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोरातला, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातला, नियम कुणी वाचला नव्हता, पण हातांना ठाऊक होता. मग रहाबीनं त्यांच्यातल्या तीन तरुणांना शिकवलं, ते काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, झाले. आणि एकोणिसाव्या शतकात त्यांना त्यांचा जुना करार मराठीत वाचायला मिळाला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांमुळे, ज्यांचा हेतू अर्थातच वेगळा होता. मिशनऱ्यांनी शिकवलेलं हिब्रू घेऊन ते पुन्हा आपल्याच सिनेगॉगमध्ये गेले. मध्ये बसलेल्या माणसाचा डाव इतका स्वच्छ फसल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच मैत्रिणीच्या वडिलांनी मला तालमूदमधली, म्हणजे ज्यू पंडितांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातली, भट्टीची गोष्ट सांगितली होती. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर पंडितांचा वाद. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणाले, मी बरोबर असेन तर ते झाड सांगेल. झाड मुळासकट उपटून लांब जाऊन पडलं. पाणी उलटं वाहू लागलं. भिंती कलल्या. शेवटी आकाशातून आवाज आला की एलिएझरच बरोबर आहे. तर रब्बी यहोशुआ उठून उभे राहिले आणि म्हणाले, 'ते आकाशात नाही.' धर्म एकदा माणसांच्या हाती दिला, आता निर्णय माणसांनी बहुमतानं करायचा, आकाशवाणीची साक्ष चालणार नाही. देव हसला म्हणे, 'माझ्या लेकरांनी मला हरवलं.'

स्वर्गाच्या दाराशी नमाज पडणाऱ्या माणसाकडून (ते सिनेगॉगला मशीद आणि प्रार्थनेला नमाजच म्हणायचे) ही गोष्ट ऐकताना मला गंमत वाटली होती. पुढचा भाग त्यांनी उशिरा सांगितला. बहुमतानं एलिएझरना बहिष्कृत केलं. एवढा विद्वान माणूस, रडला. म्हणजे आमच्या शनिवारच्या सतरंजीचं कौतुक सांगताना मलाही जपून बोलायला हवं. चारचौघांत वाचलं की अर्थाला लगाम बसतो हे खरं. चारचौघं मिळून एकट्याला घराबाहेर काढू शकतात हेही खरंच.

आत्याचं बघा. आमच्याकडे दत्तसंप्रदाय. घरात गुरुचरित्राची पोथी लाल वस्त्रात, पण ती वाचायची पुरुषांनी. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असं सांगितलं जातं. का, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो, त्यामुळे ते कुणालाच ठाऊक नसावं असा माझा समज. आत्या जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकत आली, आधी वडिलांकडून, मग नवऱ्याकडून. नवरा गेला, मुलगा पुण्याला. वाचणारं कुणी उरलं नाही. दत्तजयंतीच्या आधी एका गुरुवारी तिनं सोवळं नेसून पोथी काढली आणि सप्ताहाला बसली. कुणाला विचारलं नाही. मला फोनवर सांगितलं तेही चौथ्या दिवशी, कारण तिला काहीतरी बोलायचं होतं.

चौथ्या दिवशी एकतिसावा आणि बत्तिसावा अध्याय येतो. माहूरची एक तरुण स्त्री क्षयानं आजारी नवऱ्याला घेऊन गाणगापूरला निघते. पोचते तोच नवरा जातो. तिथं एक संन्यासी तिला पतिव्रतेचे आणि मग विधवेचे आचार सांगतो. केस, अंथरूण, जेवण, सगळं. आत्यानं हे आयुष्यभर ऐकलं होतं, भाकरी थापता थापता, अर्धं. आता पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं, ओवी ओवी करत वाचलं.

"अगं, तिचा नवरा शेवटी उठला ना," आत्या म्हणाली. "ती सती जायला निघाली, वाटेत गुरूंच्या पाया पडली, त्यांनी सौभाग्यवती हो म्हटलं आणि तो उठला. तिला त्यातला एकही नियम पाळावा लागला नाही. मग ते कुणासाठी लिहून राहिले? आमच्यासाठी?"

मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. बत्तिसाव्या अध्यायाबद्दल असं म्हणताना कुणाला ऐकलं नाही.

शनिवारी तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी उठून कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पानं चाळली, आणि सांगितलं की हे आचार गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांचे स्वतःचे नाहीत, स्कंदपुराणातल्या काशीखंडातून आलेत, तिथं ते बृहस्पतीच्या तोंडी आहेत.

"उसने आणलेत होय," आत्या म्हणाली. "मग परत देता येतील."

काका भडकले. त्यांना बायकांनी वाचण्याचं काही वाटत नव्हतं, निवडानिवडीचं वाटत होतं. "ताई, असं नाही चालत. आज हे पान तुम्हाला पटलं नाही, उद्या मला तिसरं पटणार नाही. मग पोथी कशाला, रद्दी झाली ती." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मला त्याचं उत्तर नीट देता आलं नसतं.

"मी पान कुठं सोडलं?" आत्या म्हणाली. "तुमच्या भावोजींनी सोडलं असतं, ते तिथं आले की भराभर वाचायचे. मी मोठ्यानं वाचलं. एक ओवी गाळली नाही. वाचलं आणि दत्ताला म्हटलं, हे मला नाही पटलं."

"आणि?"

"आणि तेहतिसावा घेतला."

खारेगावचा मुलगा म्हणाला, "रामकृष्णहरि, माउली." काका म्हणाले की याला परिप्रश्न नाही, उद्धटपणा म्हणतात, आणि बाईंनी त्या जाड पुस्तकातलं पान त्यांच्यापुढे सरकवलं, आधी हे वाचा म्हणून. संस्कृत असल्यामुळे ते काकांना येईना, मग बाईच एकेक श्लोक फोडून सांगायला लागल्या. त्या दिवशी ज्ञानेश्वरी राहूनच गेली. काकांना अजून पटलेलं नाही. पुढच्या दत्तजयंतीला मात्र आत्याकडे श्रोता म्हणून बसायला ते येणार आहेत, बत्तिसाव्या अध्यायाला हरकत घ्यायची मुभा असेल तर, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.